शिवेवर उभा राहिलेला विद्वान

१९२५ साली उत्तर चीनमधल्या ग्वेहवा या गावच्या मालधक्क्यावर पंचविशीचा एक अमेरिकन तरुण आपल्या कंपनीची लोकर सोडवायला आला होता. दोन लष्करशहांच्या फौजा समोरासमोर ठाकल्या होत्या आणि लोकरीने भरलेली मालगाडी मधेच अडकून पडली होती. तिथे थांबलेला असताना त्याला एक दृश्य दिसलं. गोबीचं वाळवंट ओलांडून आलेले उंट रांगेने धक्क्यात शिरत होते, वाघिणींच्या दोन ओळींमध्ये गुडघे टेकून बसत होते आणि त्यांच्या पाठीवरची ओझी खाली उतरत होती. तिथून वाघिणीच्या दारापर्यंत अंतर किती, तर दोन पावलांचं. त्या दोन पावलांत हजारो वर्षांची वाहतूक संपत होती आणि आगगाडीचं जग सुरू होत होतं. ही लोकर ज्या मुलखातून येते तो मुलूख आपण पाहायचाच, असं त्याच्या मनाने घेतलं. पुढच्याच वर्षी त्याने नोकरी सोडली.

त्या तरुणाचं नाव ओवेन लॅटिमोर. पंधरा वर्षांनी चीनच्या सरहद्दींवरचा सर्वात मोठा जाणकार म्हणून त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. पंचवीस वर्षांनी त्याच्याच देशातल्या एका सिनेटरने त्याला रशियाचा पहिल्या क्रमांकाचा हेर ठरवलं. परराष्ट्र धोरणाचा अभ्यासक, एखाद्या प्रदेशाच्या राजकारणाचा तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, त्याचं ज्ञान कसं तयार होतं आणि सत्तेला ते कधी हवंसं, कधी नकोसं वाटतं, हे समजून घ्यायला लॅटिमोर यांच्या आयुष्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

त्यांचा जन्म १९०० सालचा, वॉशिंग्टनमधला. वडील चीनमध्ये शिक्षक होते, त्यामुळे वर्षाच्या आतबाहेरच हे मूल चीनमध्ये आलं. शाळा स्वित्झर्लंडमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये झाली. ऑक्सफर्डला जायची फार इच्छा होती, पण शिष्यवृत्ती मिळाली नाही आणि घरची परिस्थिती बेताची. १९१९ साली ते चीनला परतले आणि एका ब्रिटिश व्यापारी पेढीत नोकरीला लागले. मधे काही काळ तिआनजिनच्या वर्तमानपत्रातही काम केलं. पेढीच्या कामासाठी आतल्या भागात हिंडताना चिनी भाषा पक्की होत गेली. दलालांशी घासाघीस, वजनमापाच्या तक्रारी, जकातीची नाकी, वाटेतल्या सराया, हेच त्यांचं महाविद्यालय. कुठल्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

१९२६ मध्ये बीजिंगमध्ये त्यांचं एलिनॉर होलगेट यांच्याशी लग्न झालं. मधुचंद्रासाठी या जोडप्याने जे ठरवलं ते वाचताना आजही छाती दडपते. ओवेन उंटांच्या तांड्याबरोबर गोबीतून पश्चिमेला जाणार होते. एलिनॉर आगगाडीने सायबेरियातून जाणार आणि दोघं शिंजियांगमध्ये, चीनच्या अगदी पश्चिम टोकाला भेटणार होते. भर हिवाळ्यात एलिनॉर रेल्वेच्या शेवटच्या ठाण्यावर उतरल्या आणि तिथून बर्फावरच्या घसरगाडीने सुमारे ४०० मैल एकट्याने प्रवास करून शिंजियांगमधल्या चुगुचाकला पोहोचल्या. मग दोघांनी शिंजियांग पालथा घातला आणि १९२७ मध्ये काराकोरम खिंड ओलांडून ते लडाखमध्ये उतरले. ओवेन यांनी या प्रवासावर दोन पुस्तकं लिहिली, एलिनॉर यांनी एक. त्यांचं नाव या गोष्टीत मागे पडतं, पण पुढच्या चाळीस वर्षांत ओवेन यांच्या लेखनात आणि लढाईत त्या बरोबरीच्या वाटेकरी होत्या.

गोबीतले ते महिने मला फार महत्त्वाचे वाटतात. पाहुण्यासारखा प्रवास त्यांनी केला नाही. उंट हाकणाऱ्यांबरोबर तंबूत झोपले, त्यांचंच खाल्लं, त्यांच्याच शिव्या आणि त्यांचेच विधिनिषेध शिकले. तांडा दुपारनंतर निघायचा आणि मध्यरात्रीपर्यंत चालायचा, कारण उंटांना चरायला दिवसाचा उजेड लागतो. एका माणसामागे एका दोरीत ओवलेले अठरापर्यंत उंट. शेवटच्या उंटाच्या गळ्यात घंटा. अंधारात ती घंटा ऐकू येत असेपर्यंत पुढच्या माणसाने मागे वळून बघायची गरज नाही. ती थांबली की समजायचं, मधे कुठेतरी दोरी सुटली. हे लोक चालता चालता मोजे विणत. सूत संपलं की हात मागे न्यायचा, पहिल्या उंटाच्या मानेची मूठभर लोकर उपटायची, तळहातांवर वळायची आणि विणकाम पुढे चालू ठेवायचं.

परराष्ट्र धोरणाच्या लेखात मोज्यांचं काय काम, असं कुणी विचारेल. काम असं की चहाच्या विटा, कापड आणि धान्य गवताळ प्रदेशाकडे जातं आणि लोकर, कातडी तिकडून इकडे येते, हा व्यवहार लॅटिमोर यांनी आकड्यांत पाहायच्या आधी पायांनी मोजला. कुठल्या विहिरीवर कुणाचा हक्क, कुठला सरदार किती कर घेतो, कुठला रस्ता टाळायचा आणि का, हे त्यांना तांड्याने शिकवलं. राजधानीत बसणाऱ्याला सरहद्द ही नकाशावरची रेघ दिसते. तांड्यातल्या माणसाला ती अनेक दिवसांची चाल असते.

या अनुभवातून जो विचार उभा राहिला तो १९४० साली ‘इनर एशियन फ्रंटियर्स ऑफ चायना’ या ग्रंथात आला. त्याचा गाभा चीनच्या भिंतीपासून समजून घेता येतो. भिंत म्हणजे रानटी टोळ्यांना अडवणारा तट, अशी आपली शाळेपासूनची समजूत. लॅटिमोर यांनी प्रश्न वेगळा विचारला: ती तिथेच का बांधली? त्यांचं उत्तर पावसापासून आणि मातीपासून सुरू होतं. भिंतीच्या दक्षिणेला पाटपाण्याची दाट शेती होते, उत्तरेला जमीन कोरडी होत जाते आणि मग गवतच उरतं. शेतीवर उभं राहिलेलं राज्य जिथपर्यंत शेती परवडते तिथपर्यंतच पसरू शकतं. त्यापुढे धान्य न्यायचा खर्च वाढतो, कर गोळा होत नाही आणि आपलाच शेतकरी हळूहळू गुरांमागे जाऊन निम्मा मेंढपाळ होतो. म्हणून भिंतीचं काम दुहेरी होतं. बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नाही हे तर खरंच, पण आपल्या माणसालाही कर आणि कायद्याच्या कक्षेबाहेर निसटू द्यायचं नाही.

आणि मुळात ही कडा रेघेसारखी नव्हतीच. आपल्याकडे गावाची शीव म्हणतात ना, तिच्या दोन्ही अंगांना दोन्ही गावांची गुरं चरतात, सोयरिकी होतात, भांडणंही होतात, तसं काहीसं शेकडो मैलांच्या पसाऱ्यात घडत होतं. मेंढपाळ आणि शेतकरी एकमेकांना कसे धरून असतात हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. घाटाखाली उतरलेल्या धनगराला शेतकरी बोलावून आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, त्याला खत मिळतं आणि धनगराला धान्य किंवा पैसे. मंगोल कुरणांची गोष्ट कितीतरी मोठी आणि रक्तरंजित, पण मूळ गरज अशीच परस्परांची. निव्वळ जनावरांवर जगणारा भटका गरीबच राहतो. धान्य, कापड, धातू यांसाठी त्याला शेतीच्या जगाशी सौदा करावा लागतो किंवा लढावं लागतं. लॅटिमोर यांचं म्हणणं असं की चीनवर राज्य करून गेलेले घोडेस्वार वंश खोल वाळवंटातून अचानक उगवले नाहीत. ते या मधल्या पट्ट्यात तयार झाले, जिथे माणसाला दोन्ही जगांची भाषा येत होती.

हा विचार आता जुना झाला, त्यातल्या कितीतरी तपशिलांवर नंतरच्या पुरातत्त्वज्ञांनी आणि इतिहासकारांनी हरकती घेतल्या आहेत. पण सीमारेषा वेगळी आणि सरहद्दीचा पट्टा वेगळा, हा त्यांनी दाखवलेला भेद अजून कामाचा आहे. पूर्व लडाखमध्ये चांगपा लोक पश्मिना शेळ्या घेऊन हिवाळी कुरणांवर जातात. त्यांच्या दृष्टीने तिथली सीमा म्हणजे यंदा कुठपर्यंत चारता येईल हा प्रश्न. २०२० मध्ये भारत आणि चीनच्या फौजांची तिथे चकमक झाली, त्यानंतर कुरणं बंद झाल्याच्या तक्रारी तिथल्या लोकप्रतिनिधींनी वारंवार मांडल्या. लॅटिमोर पती-पत्नी १९२७ मध्ये ज्या वाटेने उतरले ती यारकंद-लेह व्यापाराची वाट होती, आणि ती वाट बंद झाल्यावर लेहच्या बाजाराचं काय झालं हे तिथल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्यांच्या घराघरात माहीत आहे.

पुस्तकी जगाने त्यांना स्वीकारलं ते या प्रवासामुळेच. पदवी नसताना शिष्यवृत्ती मिळाली, हार्वर्डमध्ये काही महिने शिकता आलं. मग मांचुरियात मुक्काम करून त्यांनी एक पुस्तक लिहिलं. जपानने १९३१ च्या सप्टेंबरमध्ये मांचुरियावर हल्ला केला आणि १९३२ मध्ये ते पुस्तक बाजारात आलं. मंगोल भाषा ते बीजिंगमध्ये आणि तंबूंत राहून शिकले, रशियनही शिकले. १९३४ ते १९४१ त्यांनी ‘पॅसिफिक अफेअर्स’ या नियतकालिकाचं संपादन केलं. १९३८ च्या सुमारास ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंधांच्या संस्थेचे प्रमुख झाले. १९४१ च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या शिफारशीने चीनचे सत्ताधीश च्यांग कै-शेक यांचे राजकीय सल्लागार म्हणून ते चोंगचिंगला गेले. चार वर्षांआधी त्यांनी येनान या कम्युनिस्टांच्या तळावर माओंचीही भेट घेतली होती. दोन्ही बाजूंच्या नेत्यांशी दुभाष्याशिवाय बोलू शकणारे असे किती अमेरिकन त्या काळी असतील?

इथे त्यांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत, कारण त्या लहान नाहीत. स्टालिनने विरोधकांवर चालवलेल्या मॉस्को खटल्यांकडे १९३८ मध्ये त्यांनी फार उदारपणे पाहिलं आणि तसं छापून लिहिलं. १९४४ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस यांच्याबरोबर ते सायबेरियातल्या कोलिमा भागात गेले. कोलिमा म्हणजे सोन्याच्या खाणी आणि त्या खाणींत मरेपर्यंत राबवलेले कैदी. पाहुणे येणार म्हणून पहारेकऱ्यांचे मनोरे काढून टाकले होते. लॅटिमोर यांनी ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये या दौऱ्यावर जो लेख लिहिला त्यात नाटकमंडळी आहे, खाणकामगारांना जीवनसत्त्वं मिळावीत म्हणून काचघरात पिकवलेले टोमॅटो आहेत, कैदी मात्र नाहीत. युद्धातल्या मित्रराष्ट्राच्या पाहुण्याने हेरगिरी करायची नसते, असा बचाव त्यांनी पुढे केला. मला तो पटत नाही. ज्या माणसाने गोबीत उंटवाल्यांच्या बोलण्यातून सरदारांचं राजकारण ओळखलं, त्याची नजर इथे कशी फसली? माझ्या मते त्याचं कारण असं की तिथे ते तांड्याबरोबर चालत नव्हते, सरकारी मोटारीतून उतरत होते आणि यजमान दाखवील तेवढंच बघत होते. प्रदेशतज्ज्ञाचं सगळं बळ खालच्या माणसांच्या सहवासात असतं, तो तुटला की त्याचं मत कुणाही प्रवाशाच्या मताइतकंच.

पण पुढे जे घडलं ते या चुकांची शिक्षा नव्हती. १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली. अमेरिकेत प्रश्न उठला: चीन कुणी घालवला? जणू चीन अमेरिकेच्या खिशातच होता. च्यांग यांचं सरकार भ्रष्टाचाराने आणि महागाईने आतून पोखरलं आहे, शेतकरी त्यांच्या बाजूने उरलेला नाही, असं चीन जाणणाऱ्यांनी वर्षानुवर्षं कळवलं होतं. आता ते कळवणंच गुन्हा ठरू लागलं. फेब्रुवारी १९५० मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट भरल्याचा आरोप केला. महिनाभरात त्यांनी लॅटिमोर यांचं नाव घेतलं. ते परराष्ट्र खात्याचे नोकर नव्हतेच, ही अडचण मॅकार्थींना वाटली नाही.

लॅटिमोर तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी काबूलमध्ये होते. तारेने बातमी आली तेव्हा त्यांना ती धड समजेना. ते परत आले, एप्रिलमध्ये सिनेटच्या टायडिंग्ज समितीपुढे साक्ष दिली आणि जुलैमध्ये समितीने मॅकार्थींचे आरोप म्हणजे लबाडी असल्याचं म्हटलं. ‘ऑर्डील बाय स्लँडर’ हे त्यांचं पुस्तक त्याच वर्षीचं. प्रकरण इथे मिटायला हवं होतं.

मिटलं नाही. १९५२ मध्ये सिनेटर मॅककॅरन यांच्या समितीने त्यांना बारा दिवस बसवून घेतलं. समितीच्या हाती ‘पॅसिफिक अफेअर्स’ चालवणाऱ्या संस्थेची जुनी कागदपत्रं होती, लॅटिमोर यांच्या हाती स्मरणशक्ती. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं पत्र कुणी उघडलं, अमुक लेखक कम्युनिस्ट आहे हे तुम्हाला कधी कळलं, अशी सरबत्ती सुरू झाली. १९४१ मध्ये सोव्हिएत राजदूताबरोबर तुम्ही जेवलात, ते हिटलरने रशियावर हल्ला करण्याआधी की नंतर? लॅटिमोर म्हणाले नंतर. कागदपत्रांत निघालं आधी. डिसेंबर १९५२ मध्ये खोट्या साक्षीचे सात आरोप ठेवले गेले आणि त्यांतला एक या जेवणाच्या तारखेचा होता. पहिला आरोप असा की आपण कम्युनिझमचे सहानुभूतिदार नाही असं त्यांनी खोटं सांगितलं. सहानुभूतिदार म्हणजे नक्की कोण, हे कायद्यात कुठे ठरलंय? न्यायाधीश ल्यूथर यंगडाल यांनी हाच मुद्दा धरला. आरोप इतके मोघम की माणसाने त्यांचा बचाव करायचा कसा? त्यांनी मुख्य आरोप काढून टाकले. सरकारने नव्याने आरोप आणले, तेही त्यांनी फेटाळले. १९५५ मध्ये सरकारने खटला सोडून दिला.

पाच वर्षं गेली होती. विद्यापीठाने त्यांना नोकरीवरून काढलं नाही, पण ते ज्या संस्थेचे प्रमुख होते ती १९५३ मध्ये बंद केली. अमेरिकी सरकारने त्यांना परत कधी काही विचारलं नाही. त्यांच्यापेक्षा जास्त किंमत मोजणारेही होते. जॉन सर्व्हिस, जॉन पेटन डेव्हिस, जॉन कार्टर व्हिन्सेंट, एडमंड क्लब हे चीनमध्ये आयुष्य घालवलेले, चिनी उत्तम बोलणारे परराष्ट्र खात्याचे अधिकारी एकामागोमाग एक बाहेर गेले. सर्व्हिस यांना कामावर परत घ्यावं लागलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९५७ च्या निकालाने. जे आत राहिले ते धडा शिकले. साहेबाला न रुचणारी गोष्ट अहवालात लिहायची नाही.

त्याची किंमत काही वर्षांतच वसूल झाली. व्हिएतनाम युद्धाच्या काळातले अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी १९९५ च्या आठवणींत मान्य केलं की निर्णय घेताना पूर्व आशियाचे खरे जाणकार सरकारात उरलेच नव्हते, कारण मॅकार्थीच्या दिवसांत ते बाहेर घालवले गेले होते. व्हिएतनाम आणि चीन यांच्यातल्या जुन्या वैराची कल्पना असलेला एखादा माणूस त्या खोलीत हवा होता. त्या सरहद्दीचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला व्हिएतनामी कम्युनिस्टांचे नेते हो ची मिन्ह बीजिंगच्या हातातलं बाहुलं वाटले नसते.

लॅटिमोर यांच्या शेवटच्या पर्वाबद्दल फार कमी लिहिलं जातं, आणि मला तेच सर्वात आवडतं. खटल्याच्या आधीच, १९४९ मध्ये, त्यांनी दिलोवा हुतुख्तू या मंगोल अवतारी लामाला आश्रय देऊन बाल्टिमोरला आणलं होतं. हे लामा कम्युनिस्ट राजवटीतून निसटलेले. ज्याला रशियाचा हेर म्हटलं गेलं, त्याच्या विद्यापीठात कम्युनिस्टांपासून पळालेला धर्मगुरू शिकवत होता. त्यांच्या आयुष्याची हकीकत लॅटिमोर यांनी लिहून घेतली. उरगुंगे ओनोन आणि गोंबोजाब हांगिन हे दोन तरुण मंगोलही तिथे होते. १९६३ मध्ये लॅटिमोर इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात गेले, त्यांनी तिथे चिनी अभ्यासाचा विभाग उभा केला आणि काही वर्षांनी मंगोल भाषेचे वर्गही सुरू केले. ओनोन त्यांच्याबरोबर होते.

उलानबातरला ते पुन्हा पुन्हा गेले. तिथल्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिलं. १९७० मध्ये ते निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी एलिनॉर गेल्या.

१९८२ मध्ये मंगोल आणि पोलिश शास्त्रज्ञांनी मंगोलियात सापडलेल्या एका जाड कवटीच्या डायनोसॉरचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याच्या नावात लॅटिमोर यांचं नाव गुंफलं: गोयोसेफाली लॅटिमोराय. ३१ मे १९८९ रोजी अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथे ते वारले. त्याआधी तीन वर्षं, १९८६ मध्ये, ओनोन यांनी केंब्रिजमध्ये मंगोलिया आणि अंतर्गत आशियाच्या अभ्यासासाठी एक केंद्र सुरू करण्यात पुढाकार घेतला होता. ते आजही चालू आहे.